मित्सुएचा आजार

मित्सुए ओनोदेराला पेनांगला यायचंच नव्हतं. तिला सहासष्टावं वर्ष लागलं होतं. जपानमधल्या कावागुचीतल्या एका सरकारी शाळेच्या स्वयंपाकघरात तिची एकतीस वर्षं गेली. रोज चारशे मुलांचं जेवण, आणि शेवटची बारा वर्षं तर सगळा कारभार तिच्याच हाती. कोणाला अंडं चालत नाही, कोणाच्या अंगावर गव्हाने चट्टे उठतात, कोणाची आई चिठ्ठी पाठवायला विसरते, हे सगळं तिला तोंडपाठ. भिंतीवर यादी लावलेली असायची, पण ती तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी.

मार्चअखेर ती निवृत्त झाली. एप्रिलच्या पहिल्याच रविवारी तिच्या नवऱ्याने, हिदेआकीने, चहाचा कप बाजूला सारून टेबलावर कागद मांडले. लिफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीच्या कचेरीतून तो पाच वर्षांपूर्वीच घरी बसला होता.

"जूनमध्ये निघायचं. मलेशियात, समुद्रकाठी फ्लॅट बघून ठेवलाय. तिकडे थंडी नाही. गुडघे दुखायचे नाहीत."

"कोणाचे गुडघे?"

"आपले."

तिचे गुडघे ठणठणीत होते. तिच्या मनात वेगळंच काही होतं. घरामागच्या दोन हात जमिनीत भाजी लावायची, मंगळवारी मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर जायचं, आणि दुपारी बारा वाजता दुसऱ्या कोणीतरी रांधलेलं जेवायचं. हिदेआकीने ते काही विचारलं नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने विचारायचं आणि तिने सांगायचं अशी वहिवाटच पडली नव्हती. घर भाड्याने गेलं, भांडी वाटली गेली, आणि जूनमध्ये दोघं पेनांगच्या तांजुंग बुंगा भागातल्या एका इमारतीच्या चौदाव्या मजल्यावर येऊन राहिली.

पहिले पंधरा दिवस ती धुसफुसत होती. मग पुलाउ तिकुसच्या बाजारात तिला सिऊ लान भेटली. सिऊ लान भाजी विकायची. पहिल्याच दिवशी मित्सुएने मुळा हातात घेऊन टिचकी मारली, आवाज ऐकला आणि परत ठेवला. तशी सिऊ लानने खालच्या टोपलीतून दुसरा काढून दिला. "हा तुझ्यासाठी. तो न कळणाऱ्यांसाठी." मोडक्यातोडक्या मलय भाषेत आणि बाकीचं हातवाऱ्यांनी दोघींचं जमून गेलं. मित्सुएने तांदळाच्या कोंड्यात काकड्या मुरायला घातल्या. कावागुचीत चांगला आठवडा घेणारी काकडी इथल्या उकाड्यात एका रात्रीत आंबली, तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की या गावात काहीतरी करून बघण्यासारखं आहे.

लोक मात्र तिच्याशी विचित्र वागत होते. इमारतीचा पहारेकरी मुनियांडी ती लिफ्टपाशी पोचायच्या आत धावत यायचा, चौदाचं बटण दाबायचा आणि दार बंद होईपर्यंत तिच्याकडे बघून मान डोलवत राहायचा. इतरांशी तो असं करत नसे. तिच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात तिला एक कार्ड सापडलं. त्यावर तिचं नाव, पत्ता आणि नवऱ्याचा नंबर तीन भाषांत छापलेला होता. हिदेआकी म्हणाला, "परदेश आहे. असू दे. माझ्याही पाकिटात आहे." तिने त्याचं पाकीट बघितलं. त्यात तसलं काही नव्हतं. तिने विषय वाढवला नाही.

तिथल्या जपानी मंडळींचं एक छोटं मंडळ होतं. बुधवारी जमायचं, चहा प्यायचा, सण आला की जेवण करायचं. त्यातल्या नागामिनेबाई सत्तरी ओलांडलेल्या, सगळ्यांच्या मोठ्या ताई. त्या मित्सुएचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "आज बुधवार बरं का, मित्सुएबाई. आपण इथे दर बुधवारी येतो." मित्सुएला वाटायचं, म्हातारपणी यांचं थोडं हललेलं दिसतंय. म्हणून तीही गोड बोलून उत्तर द्यायची, "हो ना, बुधवारच आहे." मग नागामिनेबाई इतर बायकांकडे बघून हलकेच हसायच्या.

सप्टेंबरात ज्येष्ठांच्या मानाचा दिवस आला. मंडळात साठ जणांचं जेवण ठरलं. मित्सुए सकाळी सातलाच अंगावर एप्रन चढवून, स्वतःचा सुरा फडक्यात गुंडाळून हजर. साठ माणसं म्हणजे तिच्या लेखी न्याहारी. ओट्यापाशी गेली तर एकीने तिच्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं आणि उंच फडताळावर ठेवलं. दुसरीने तिला खांद्याला धरून खोलीच्या टोकाला नेऊन बसवलं आणि समोर कागदी रुमालांचा गठ्ठा ठेवला.

"मित्सुएबाई, तुम्ही हे घड्या करा. छान जमतं तुम्हाला."

"रुमाल कोणीही घडी करील. भाताकडे कोण बघतंय? पाणी जास्त झालंय त्यात."

"हो हो, बघतो आम्ही."

ती उठून भाताकडे गेली. झाकण उचलणार, तोच मागून दोघी-तिघी एकदम म्हणाल्या, "अहो, भाजेल, भाजेल," आणि एकीने चक्क गॅस बंद केला. चारशे मुलांच्या भाताची पातेली एकतीस वर्षं उतरवलेली बाई. ती तिथेच थांबली.

"काय चाललंय हे?" ती म्हणाली. "मी काय दोन वर्षांचं पोर आहे?"

 नागामिनेबाईंनी तिला बाहेरच्या व्हरांड्यात नेलं, बाकावर बसवलं आणि तिचा हात थोपटला. "यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या सगळ्यांवर ही वेळ येणार आहे. ओनोदेरासाहेबांनी आल्या आल्याच विश्वासात घेऊन सांगितलं, ते बरंच केलं. तुमच्यासाठी घरदार सोडून इथे आले बिचारे. असा नवरा भाग्यानेच मिळतो."

"काय सांगितलं त्यांनी?"

नागामिनेबाईंनी आवाज खाली आणला. "विसरण्याचं. डॉक्टरांनी मोकळी हवा आणि शांतता सांगितली ना तुम्हाला. तेच."

 मित्सुएच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मला कसलाही आजार नाही. कोणत्याही डॉक्टरने काही सांगितलेलं नाही. मी चार वर्षांत डॉक्टरची पायरी चढलेली नाही."

"हो, बरोबर आहे," नागामिनेबाई म्हणाल्या. आवाजात लोणी. "बरोबर आहे तुमचं."

"तुम्ही मला वेडी समजून बोलताय."

"छे, छे. चहा घेता का?"

ती जितकी चिडून सांगू लागली तितक्या त्या मऊ होत गेल्या. दारात दोन बायका येऊन उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली, "ओनोदेरासाहेब म्हणाले होते ना, असा एकाएकी राग येतो म्हणून." ते ऐकलं आणि मित्सुएला कळून चुकलं की आपण खड्ड्यात उभ्या आहोत आणि हातपाय मारले की आणखी आत जाणार आहोत. ओरडलो तर आजार, रडलो तर आजार, गप्प बसलो तर औषध लागू पडलं.

तिने एप्रन काढला, फडताळावरचा सुरा स्टुलावर चढून घेतला आणि चालत निघाली. उन्हात तीन किलोमीटर. इमारतीच्या फाटकाशी पोचली तर मुनियांडी फोन कानाला लावून उभा होता. "आल्या, सर. मॅडम आल्या. एकट्याच आहेत."

"मुनियांडी," ती म्हणाली, "ठेव तो फोन." त्याने ठेवला.

हिदेआकी गुडघ्यावर पंखा घेऊन टीव्हीवर सुमो बघत होता. मंडळाच्या जेवणाला तो दुपारी जाणार होता, पण नागामिनेबाईंचा फोन आल्यावर त्याने बेत बदलला असावा. त्याने तिच्याकडे न बघताच विचारलं, "उन्हात कशाला चाललीस?"

तिने टीव्ही बंद केला. "मला काय झालंय?"

"म्हणजे?"

"साऱ्या पेनांगला माहीत आहे. मलाच तेवढं सांगायचं राहिलं. मला काय झालंय, अहो?"

तो पंखा हलवत राहिला.  मग खिडकीकडे बघत म्हणाला, "तू आरडाओरडा करणार नसशील तर सांगतो."

आणि त्याने सांगितलं. अगदी साधेपणाने, दुकानात वस्तू बदलून मागावी तसं. जानेवारीत त्याचा थोरला भाऊ गावाकडे, अकिताला वारला. मागे एक्याण्णव वर्षांची आई राहिली. बहीण यासुए म्हणाली, आता थोरला तूच, एक तर आईला तुमच्याकडे ने, नाहीतर तुम्ही दोघं इकडे येऊन राहा, माझ्या एकटीने होत नाही. तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं की मित्सुएला विसरण्याचा आजार लागलाय, तिचंच मला करावं लागतं. यासुए एकदम गप्प झाली. उलट तिनेच माफी मागितली. मग त्याला वाटलं, नातेवाईक येऊन बघून जातील, तर लांब गेलेलं बरं. आणि इथे मंडळात यासुएच्या ओळखीचं कोणीतरी निघालं, तेव्हा इथेही तेच सांगणं भाग पडलं.

"भावाच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीला मला नेलं नाहीत ते म्हणून?"

"तुझी शाळा होती."

"मी रजा काढली होती."

 तो जरा चढ्या आवाजात म्हणाला, "मी काय माझ्यासाठी केलं? आईचं हगणंमुतणं कोणी काढलं असतं? मी? तूच काढलं असतंस. मी तुला त्यातून सोडवलं. दुसरी असती तर पाया पडली असती."

राग सर्वांत जास्त आला तो या वाक्याचा, कारण त्यात खरं होतं. किनू ओनोदेरा ही काही सोपी सासू नव्हती. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं तिने मित्सुएच्या हातचा एकही पदार्थ नाव न ठेवता खाल्ला नव्हता. तिचं करायला मित्सुए हसत गेली असती असं नाही. पण ती गेली असती की नाही, हे ठरवायचा हक्क तिचा होता. तो हक्क त्याने काढून घेतलाच, वर तिची अक्कलही जाताजाता विकून टाकली.

"यासुएला फोन लावा," ती म्हणाली.

"आत्ता कशाला? जरा शांत हो."

तिने स्वतःच लावला. पलीकडे यासुएचा आवाज एकदम सावध झाला. "वहिनी, मी यासुए. यासुए. तुमची नणंद. कळतंय ना?"

"यासुए, तुझ्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी दारू पिऊन माझ्या मांडीवर सूप सांडलं होतं. तू म्हणालीस, वहिनी, कोणाला सांगू नका. मी चाळीस वर्षं सांगितलं नाही. मला काही झालेलं नाही. तुझा भाऊ खोटं बोलला."

 पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवून कोणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटणं ऐकू आलं. "जुनं आठवतं म्हणे त्यांना. ताजं तेवढं जातं."

मित्सुएने डोळे मिटले. "आईंना दे," ती म्हणाली.

म्हातारीचा आवाज कोरडा झाला होता, पण धार तीच. "मला सांगितलं तू मला ओळखणार नाहीस. म्हणून फोन केला नाही. कशाला उगाच स्वतःचं हसं करून घ्या."

"मला कोणीच काही सांगितलं नाही, आई. मला आजार नाही."

"तसं तर वेडेही म्हणतात." मग तिने विचारलं, "मुळ्याच्या लोणच्याला धूर किती दिवस द्यायचा?"

"चार. तुम्ही पाच द्यायच्यात, म्हणून कडवट व्हायचं."

म्हातारी घोगरं हसली. तिथेच असलेल्या यासुएला ती म्हणाली, "डोकं ठीक आहे हिचं. जीभही आहे तशीच आहे." मग परत फोनमध्ये म्हणाली, "बरं. मग कधी येतेस?"

इतकं सगळं झाल्यावर, इतक्या सहज. कोणी तिला आजारी ठरवून टाकलं, कोणी बरी ठरवून कामाला बोलावलं. मित्सुएने खुर्चीतल्या नवऱ्याकडे बघितलं. तो मान खाली घालून पंख्याच्या काड्या मोजत होता.

"मी नाही येत, आई. तुमचा मुलगा येतोय."

"तो? त्याला भात लावता येत नाही."

"शिकेल. तुम्ही शिकवा. मला शिकवलंत ना."

फोन ठेवल्यावर हिदेआकी उठून उभा राहिला. "मी कुठेही जाणार नाही. आणि तू इथे एकटी काय करणार आहेस?"

तेव्हा बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याला अरेतुरे बोलली. "नीट ऐक. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. येत्या बुधवारी मंडळात उभं राहायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की माझी बायको धडधाकट आहे, मी आईला टाळायला तिला वेडी ठरवली. किंवा अकिताला जायचं. तिसरी वाट शोधलीस तर मी स्वतः यासुएकडे जाऊन राहीन आणि गावातल्या एकेका दारात उभी राहून सांगेन. माझ्या आवाजाची तुला कल्पना आहे. चारशे पोरं गप्प करायची मी."

तो दोन दिवस बोलला नाही. तिने त्याचं जेवण केलं नाही. तो खाली जाऊन नूडल्स खाऊन यायचा. तिसऱ्या दिवशी त्याने तिकीट काढलं. चारचौघांत खोटेपणा कबूल करण्यापेक्षा त्याने आईचं हगणंमुतणं पत्करलं. माणसाच्या भिडेची किंमत अशी असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो जाड कोट हातावर टाकून टॅक्सीत बसला. "कुठे काय ठेवलंय ते लक्षात राहील ना?" त्याने सवयीने विचारलं, आणि तिचा चेहरा बघून काच वर केली.

त्या महिन्यात चिनी लोकांचा नऊ दिवसांचा उपास आला. सिऊ लानच्या गल्लीतल्या देवळात रोज हजारभर माणसांचं बिनमांसाचं जेवण व्हायचं. सिऊ लान म्हणाली, "तुला येतं ना रांधायला? चल मग." तिथे मित्सुएला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून कोणी तिच्याशी सांभाळून बोललं नाही. एक चिनी म्हातारी तिच्यावर खेकसली की कोबी फार जाड चिरतेस. मित्सुए उलट खेकसली की बारीक चिरला तर कढईत त्याचं पाणी होतं. मग दोघींनी मिळून दोनशे कोबी उडवले. घरी येताना तिचे खांदे भरून आले होते. आंघोळ करून ती कोचावर पडली आणि सकाळपर्यंत उठली नाही.

राग मात्र होता तिथेच होता. सकाळी भाजी चिरताना, लिफ्टमध्ये, समुद्राकडे बघताना तो मध्येच उसळायचा. मुनियांडीला तिने एकदा समोर बसवून सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सरांनी मला फोन नंबर दिला, मॅडम. मी काय करणार?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्याने बटण दाबायचं सोडलं. त्याला एकदा सांगून पुरलं.

मंडळाला मात्र नाही. तिकडे वेगळीच कुजबुज होती. अशा बायकोला परक्या देशात एकटी टाकून गेला, काय माणूस म्हणावा. डिसेंबरच्या एका सकाळी नागामिनेबाई आणखी दोघींना घेऊन डबे घेऊन आल्या. आल्या आल्या त्यांनी गॅसची बटणं तपासली.

"बसा," मित्सुए म्हणाली. तिने त्यांच्यापुढे काकडीचं लोणचं आणि चहा ठेवला. मग अकिताला फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन टेबलावर मधोमध ठेवला. हिदेआकीने उचलला तेव्हा मागून म्हातारीचं खोकणं ऐकू येत होतं.

"नागामिनेबाई समोर बसल्यात," मित्सुए म्हणाली. "त्यांना सांगा मला काय झालंय."

 बायका लोणच्याकडे बघत राहिल्या. मागून म्हातारी म्हणाली, "कोण आहे? बोल की लवकर. माझ्या चादरीचा गोळा झालाय इथे."

"तिला काही झालेलं नाही," हिदेआकी म्हणाला. त्याचा आवाज बसला होता. "कधीच झालं नव्हतं. मी खोटं सांगितलं. आईकडे यायला लागू नये म्हणून." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "इथे फार बर्फ पडलाय."

मित्सुएने फोन बंद केला. नागामिनेबाईंचा चेहरा लाल झाला. त्यांनी रुमालाने ओठ टिपले आणि जरा नाराजीनेच म्हणाल्या, "मग तुम्ही आधीच नीट सांगायचं होतंत. आम्हाला कसं कळणार?"

"सांगितलं होतं," मित्सुए म्हणाली. "व्हरांड्यात, तुमच्या शेजारी बसून. तुम्ही चहा घेता का विचारलंत."

 तिघी उठल्या. त्यांतली एक, जिने सप्टेंबरात गॅस बंद केला होता, ती चपला घालता घालता थांबली आणि कमरेत वाकून म्हणाली, "चुकलं माझं."  मित्सुएने तिला लोणच्याची बरणी दिली, दुसरीला फक्त नमस्कार केला आणि नागामिनेबाईंना त्यांचे डबे परत दिले, भरलेलेच.

फेब्रुवारीत हिदेआकीचा फोन आला. हात फुटलेत, म्हणाला, गरम पाण्याची नळी गोठते, आई भाताला रोज नावं ठेवते. यासुए आता रविवारी येते आणि त्याच्याशी कामापुरतंच बोलते. सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मी आता परत येऊ का?"

मित्सुए मुळे सोलत होती. तिने हात पुसले नाहीत, फोन खांद्याने कानाला दाबून धरला. त्याच्याबद्दल तिला थोडी दया आली, हे तिने नाकारलं नाही. पण रागापुढे ती फारच थोडी होती.

"ते मला कशाला विचारता?" ती म्हणाली. "आईंना विचारा."